'उद्योजिका' म्हणावे, की 'उद्योजक' एवढेच पुरे?

भाकरीवाली:
गेल्या महिन्यात एका सत्कार समारंभाची पत्रिका हाती आली. टॉवेल आणि गणवेशाचे कारखाने चालवणाऱ्या चौघांच्या नावांखाली 'उद्योजक' छापले होते आणि माझ्या नावाखाली 'महिला उद्योजिका'. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. पहाटे पाचला भट्टी पेटते, आणि भाकरी पापडासारखी खुटकन मोडेपर्यंत मंद आचेवर शेकली जाते. या कामात बाईपणाचा संबंध कोठे येतो? 'उद्योजिका' या शब्दातच बाई आहे, मग त्यावर 'महिला' हे आणखी एक कुंकू कशाला? माझ्या मते 'उद्योजक' हा कामाचा शब्द आहे, आणि 'उद्योजक म्हणाल्या' असे लिहिले की क्रियापदच लिंग सांगते. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हाही शब्दाची चर्चा झाली आणि अखेर 'राष्ट्रपती' हाच शब्द राहिला. कोणाचे काही अडले नाही.

निवृत्त मास्तर:
'महिला उद्योजिका' ही द्विरुक्ती आहे, याबद्दल वाद नाही. मात्र राष्ट्रपतिपदाचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण 'पती'चे स्त्रीरूप 'पत्नी' आणि त्याचा अर्थच निराळा, त्यामुळे तेथे दुसरा मार्ग नव्हता. 'उद्योजिका' हे लेखिका, शिक्षिका, गायिका यांच्याच वळणाचे सरळ रूप आहे; लताबाईंना गायिका म्हटल्याने त्यांच्या गाण्याला उणेपणा आला नाही. शिवाय पाटीवर किंवा पत्रिकेत क्रियापद नसते, आणि नुसते 'उद्योजक' वाचणारा बहुधा पुरुषच डोळ्यांसमोर आणतो.

चाटीगल्लीकर:
मास्तरांशी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. पेठेतले आपले जुने शब्द पाहा: शेठाणी, सावकारीण, मालकीण. पाटलाची बायको ती पाटलीण, तशीच शेठची बायको ती शेठाणी, मग गल्ल्याची किल्ली तिच्या कमरेला असो वा नसो. वडिलांच्या पश्चात आईने कापडाचे दुकान एकटीने चालवले, तरी नवा एजंट आला की नमुन्यांची बॅग उघडण्याआधी "शेठ कुठं आहेत?" असे तिलाच विचारायचा. 'व्यापारी', 'आडत्या', 'कारखानदार' यांना तर रुळलेले स्त्रीरूपच नाही. 'उद्योजिका' म्हणजे उद्योजकाची बायको असा अर्थ मात्र कोणीही घेत नाही. व्याकरणाच्या नियमापेक्षा मला हा गुण मोठा वाटतो.

मागावरचा:
आमच्याकडे 'कारखानदारबाई' म्हणतात आणि तेवढ्यावर भागते. शब्दापेक्षा सुताचा भाव बोला.

भाकरीवाली:
चाटीगल्लीकरांचा बायकोचा मुद्दा मला पटला. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पण वेगळ्या शब्दाबरोबर वेगळे टेबलही येते, त्याचे काय? भाकरीच्या यंत्रासाठी कर्ज मागायला मी एका बँकेत गेले होते. तीन वर्षांचे ताळेबंद समोर ठेवले, तरी साहेबांनी ते न उघडता बचत गटाच्या योजनेचा अर्ज माझ्याकडे सरकवला. माझा बचत गट नाही, हे मला दोनदा सांगावे लागले. पुरस्कारांचेही तसेच होते: मुख्य पुरस्कार 'उद्योजक' म्हणून, आणि शेवटी आमच्यासाठी वेगळा.

निवृत्त मास्तर:
हा दोष शब्दाचा नाही, साहेबांचा आहे. तुम्ही 'उद्योजक' लिहून गेला असतात तरी त्यांनी तोच अर्ज पुढे केला असता, कारण त्यांनी शब्द वाचला नव्हता, तुम्हाला पाहिले होते.

भाकरीवाली:
तेही खरे असेल. तरी एक विचारते: माझ्या चटणीच्या पाकिटावर 'उत्पादक व विक्रेते' असे छापलेले आहे. तेथे 'उत्पादिका व विक्रेत्या' छापा, असे आजवर ना गिऱ्हाईक म्हणाले, ना छापखानेवाला. मग सत्काराच्या पत्रिकेतच तो प्रत्यय का लागतो?

चाटीगल्लीकर:
कारण पाकिटावर धंद्याचे नाव असते आणि पत्रिकेवर माणसाचे. पाकिटावर स्वतःचा फोटो छापा, छापखानेवाला लगेच विचारील.