सल्ला हवा: क्वालिटी इंजिनियरचा रेझ्युमे कसा लिहावा? (चाकण, तळेगाव, रांजणगाव)

चिंचवडकर

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सात वर्षे क्वालिटी विभागात काम केले आहे. दिवाळीनंतर आमचा विभाग परराज्यात हलवण्यात आला. आईच्या आजारपणामुळे मला पुणे सोडणे शक्य नव्हते, म्हणून राजीनामा दिला, त्याला आता पाच महिने होत आले. या काळात साठेक जागांसाठी अर्ज केले आणि दोनच ठिकाणांहून फोन आले.

माझा रेझ्युमे चार पानांचा आहे. ओळखीच्या एकाने तो दोन रंगांच्या, दोन रकान्यांच्या नमुन्यात बसवून दिला होता. दिसायला तो चांगला दिसतो, तरीही पुढे काही घडत नाही. आता एक जण पाच हजार रुपयांत नवा रेझ्युमे तयार करून देतो म्हणतो. पैसे द्यावेत का, चार पानांतून काय गाळावे आणि या पाच महिन्यांच्या खंडाचे काय करावे, याविषयी भरतीच्या बाजूला बसलेल्या मंडळींनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

मापनपट्टी

पाच हजार रुपये देऊ नका. तुमच्या कारखान्यात काय घडले हे त्या माणसाला ठाऊक नाही, आणि रेझ्युमेत लिहिण्याजोगे नेमके तेवढेच असते.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते आणि गेली अकरा वर्षे माझ्या विभागाचे रेझ्युमे स्वतः वाचते. एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात आणि त्यांतील बहुतेकांवर तीच वाक्ये असतात: इनकमिंग तपासणी, लाइन तपासणी, रिजेक्शन नियंत्रण, ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण. ही क्वालिटी इंजिनियरच्या कामाची व्याख्या झाली. ती मला पाठ आहे. तुम्ही त्या जागेवर होतात म्हणून कारखान्यात काय बदलले, हे मला वाचायचे असते, आणि ते सहसा कुठेच लिहिलेले नसते.

तुमच्या सात वर्षांतील अशी एक गोष्ट इथे लिहा, ज्यात आधी काही बिघडलेले होते आणि नंतर ते सुधारले. साध्या मराठीत लिहिली तरी चालेल. तिच्यावरून पुढचे बोलता येईल.

तोवर गाळण्याविषयी. फोटो, वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटचे 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावण्याचे उद्दिष्टही काढा, कारण ते कोणत्याही माणसाला कोणत्याही नोकरीसाठी लागू पडते. आधार किंवा पॅन क्रमांक लिहिला असेल तर आजच खोडा. अनोळखी माणसांच्या हाती जाणाऱ्या कागदावर तो असणे धोक्याचे आहे. पत्ता चिंचवड एवढाच पुरे, पण तो हवाच, कारण कंपनीची बस तुमच्या भागातून जाते का, हे शिफ्टच्या जागांसाठी पाहिले जाते. सात वर्षांच्या अनुभवाला दोन पाने भरपूर झाली.

इंद्रायणीकाठ

मी मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून रकान्यांविषयी लिहितो. मोठ्या कंपन्यांकडे आलेला अर्ज बहुधा आधी संगणकप्रणालीत जातो. ती प्रणाली फाइलमधील मजकूर उपसून नाव, पदे, तारखा आणि कौशल्ये वेगवेगळ्या चौकटींत भरते. दोन रकान्यांचा मजकूर काही प्रणाली सरळ आडवा वाचतात, त्यामुळे डावीकडील 'मायक्रोमीटर' आणि उजवीकडील '२०१९ ते २०२२' एका ओळीत येऊन पडतात. पानाच्या माथ्यावरील पट्टीत लिहिलेला फोन क्रमांक कधी कधी वाचलाच जात नाही. कौशल्यांपुढचे रंगीत पट्टे तर प्रणालीच्या दृष्टीने चित्र असतात, आणि 'एसपीसी ८० टक्के' (एसपीसी म्हणजे आकडेवारीच्या आधारे प्रक्रियेवर नियंत्रण) म्हणजे नेमके काय, हे माणसालाही कळत नाही.

याची परीक्षा घरीच करता येते. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तोच आमच्या पडद्यावर येतो असे समजा.

दुसरे असे की नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर आम्ही शब्द टाकून उमेदवार शोधतो आणि अलीकडे सक्रिय असलेले प्रोफाइल आधी पाहतो. त्यामुळे जाहिरातीत 'पीपीएपी' (उत्पादनाआधी ग्राहकाकडून भागाला मंजुरी घेण्याची प्रक्रिया) असेल आणि तुम्ही ते काम केले असेल, तर 'ग्राहक मान्यता कागदपत्रे' असे न लिहिता 'पीपीएपी' हाच शब्द लिहा. न केलेल्या कामाचे शब्द मात्र पेरू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

खंड लपवू नका. रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना सरळ लिहा, आणि खाली 'विभाग परराज्यात स्थलांतरित झाल्याने राजीनामा' एवढी एक ओळ द्या. निवडीनंतरच्या पडताळणीत अनेक कंपन्या यूएएनवरील (पीएफच्या कायम क्रमांकावरील) भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींशी नोकरीच्या तारखा ताडून पाहतात. पाच महिन्यांच्या खंडामुळे मी कोणाला नाकारलेले नाही. तारखा ओढूनताणून जुळवल्यामुळे मात्र चांगला उमेदवार हातचा गेलेला मी पाहिला आहे, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

चिंचवडकर

नोटपॅडची परीक्षा केली. माझे पदविकेचे वर्ष 'भाषा: मराठी, हिंदी' याच्या पुढे जाऊन बसले होते. दोन्ही रकाने मोडून सरळ मजकूर केला.

मापनपट्टी यांनी विचारलेली गोष्ट अशी. आमच्याकडे एका ब्रॅकेटमधील छिद्राची जागा चुकत असे आणि महिन्याला २.८ टक्के माल रिजेक्ट होत असे. सगळे ड्रिलला दोष देत होते. तीन आठवडे प्रत्येक शिफ्टचे मापन एकत्र मांडल्यावर ध्यानात आले की चूक एकाच दिशेने हळूहळू वाढते. फिक्स्चरची (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची) लोकेटिंग पिन, म्हणजे भागाची जागा पक्की करणारी खुंटी, झिजली होती. ठरावीक संख्येनंतर पिन बदलण्याचा नियम केला आणि आठ महिन्यांत रिजेक्शन ०.९ टक्क्यांवर आले. रेझ्युमेत यासाठी 'रिजेक्शन नियंत्रणाची जबाबदारी' असे लिहिले आहे. आम्ही चौघे होतो, त्यामुळे श्रेय एकट्याने घ्यावेसे वाटले नाही.

मापनपट्टी

तुमची सचोटी योग्य आहे, पण तिच्यापायी तुम्ही कामच पुसून टाकले आहे. असे लिहा:

'ब्रॅकेटच्या छिद्राची जागा चुकल्याने होणारे रिजेक्शन आठ महिन्यांत २.८ वरून ०.९ टक्क्यांवर आणले (चौघांचा गट). शिफ्टनिहाय मापनांतून लोकेटिंग पिनची झीज हे मूळ कारण शोधले. पिन बदलण्याची मर्यादा ठरवून कंट्रोल प्लॅनमध्ये नोंदवली.'

यात गटही आला आणि तुमचा वाटाही आला. शेवटचा भाग माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण पिन बदलणारे पुष्कळ भेटतात, पण ती सुधारणा कंट्रोल प्लॅनपर्यंत, म्हणजे उत्पादनात काय आणि कसे तपासायचे याच्या लेखी आराखड्यापर्यंत, नेणारे फार थोडे. हे वाचले की मी फोन करते आणि विचारते, 'पिनची झीज कशाने मोजलीत आणि मर्यादा कशावरून ठरवलीत?' ज्याने काम केलेले असते तो तिथे दहा मिनिटे बोलतो. म्हणून ज्या आकड्यामागची हकीकत सांगता येणार नाही, तो आकडा लिहू नका. ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर किंवा जुन्या कारखान्यातील ड्रॉइंग यांतले काहीही रेझ्युमेत येऊ देऊ नका.

अशा तीन किंवा चार नोंदी पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात येऊ द्या. शिक्षण दुसऱ्या पानावर गेले तरी चालेल.

आणखी एक, जे क्वालिटीतल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. अजूनही 'टीएस १६९४९' (वाहन उद्योगाचे जुने गुणवत्ता मानक) लिहिलेले रेझ्युमे येतात. त्याची जागा २०१६ मध्ये 'आयएटीएफ १६९४९' ने घेतली. तसेच एफएमईए म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम आधीच तपासण्याची पद्धत; तिच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तिकेने आरपीएनऐवजी (जोखमीच्या गुणाकारी अंकाऐवजी) ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे उपाययोजनेचा अग्रक्रम, आणली. तुम्ही नव्या पद्धतीने एफएमईए केले असेल तर तसे स्पष्ट लिहा; जुन्याच पद्धतीने केले असेल तर तेही खरेपणाने लिहा, शिकवता येते.

चिंचवडकर

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी आठवून त्याच पद्धतीने लिहिल्या आणि रेझ्युमे दीड पानावर आला. रांजणगावच्या जागेसाठी पत्ता चिंचवड असल्याने नाकारतील का, एवढेच विचारायचे राहिले.

इंद्रायणीकाठ

शंका येते खरी, कारण रोजचा तो प्रवास तीन शिफ्टमध्ये फार काळ निभत नाही. त्या अर्जात पत्त्याखाली 'रांजणगाव परिसरात राहण्यास तयार' असे लिहा, पण आईच्या प्रकृतीमुळे ते खरोखर शक्य असेल तरच. शक्य नसेल तर चाकण, तळेगाव आणि भोसरीवरच जोर द्या. फाइलला 'फायनल नवीन ३' असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पद द्या, म्हणजे पन्नास फाइलींत ती आम्हाला सापडते.