मायएसक्यूएल डेटाबेस: रीडिंग आलंच नाही तो वेळ रिपोर्टमध्ये कसा दाखवायचा?

निफाडचा_पोऱ्या:
मंडळी मदत हवीये. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचं टेम्परेचर दर 15 मिनिटाला टेबलात पडतं, मालकांना तासातासाचा रिपोर्ट पाहिजे. ग्रुप बाय करून (तासानुसार रो एकत्र करून) अ‍ॅव्हरेज काढतो पण लाईट गेली की लॉगर (रीडिंग नोंदवणारं यंत्र) बंद आणि ते तास रिपोर्टमधून गायबच, 2 नंतर डायरेक्ट 5, आणि ग्राफ मधनं सरळ रेघ मारून मोकळा. कोअ‍ॅलेस लावून शून्य टाकायला गेलो, काही फरक नाही. कधी कधी रो येते पण टेम्परेचर नल (म्हणजे रिकामं), ते वेगळंच. व्हर्जन 8 आहे.

क्वेरीवाली:
कोअ‍ॅलेस नल बदलतं, इथे रोच नाहीये तर बदलणार काय? आधी विथ रिकर्सिव्हने (स्वतःलाच परत परत चालवून रो बनवणारी क्वेरी) सगळ्या तासांची यादी बनव, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट, मग ती डावीकडे ठेवून रीडिंगचं टेबल लेफ्ट जॉइन कर, म्हणजे जुळणारं रीडिंग नसलं तरी तास राहतो. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना अशी यादी बनवणारं जनरेट_सिरीज आयतं मिळतं, आपण हाताने करायचं. चेंबरची (कोणत्या खोलीचं रीडिंग याची) अट वेअरमध्ये, म्हणजे जोडल्यानंतरच्या गाळणीत, टाकलीस तर रिकामे तास परत उडतील कारण तिथे चेंबरपण नल असतो, म्हणून ती ऑनमध्येच, म्हणजे जॉइनच्या अटीत. आणि बिटवीन नको! ते दोन्ही टोकं धरतं, बरोब्बर 3 चं रीडिंग दोन्ही तासांत मोजलं जाईल. सुरुवातीइतकं किंवा मोठं, शेवटापेक्षा लहान, असं लिही.

जुना_डीबीए:
वरचं सगळं बरोबर, पण शून्य टाकू नका हो. द्राक्षं ठेवतात शून्याच्या आसपासच, म्हणजे लॉगर मेला की तुमच्या रिपोर्टात सगळ्यात झकास टेम्परेचर दिसणार आणि आत माल गरम होतोय! नल तसंच राहू द्या, ग्राफ तुटला तर तुटू दे. अ‍ॅव्हरेज नल मोजतच नाही, त्यामुळे एकाच रीडिंगचा तासही चारवाल्यासारखाच दिसतो. म्हणून शेजारी काऊंट दाखवा, तोही टेम्परेचर कॉलमचा. काऊंट स्टार (सगळ्या रो मोजणारा) रिकाम्या तासालाही 1 सांगतो, कारण लेफ्ट जॉइनने एक रो ठेवलेली असते.

निफाडचा_पोऱ्या:
जमलं, धन्यवाद दोघांना 🙏 पण 15 मिनिटांचे स्लॉट करून महिना टाकला तर 1001 इटरेशननंतर अबॉर्ट म्हणतंय. आणि मालकांचं म्हणणं, एखादं रीडिंग हुकलं तर मागचंच दाखव ना.

क्वेरीवाली:
सीटीई_मॅक्स_रिकर्शन_डेप्थ (विथ रिकर्सिव्हच्या फेऱ्यांची मर्यादा) डीफॉल्टला 1000 आहे, दिवसाचे 96 स्लॉट म्हणजे 31 दिवसांचे 2976, दहा दिवसांपुढे गाडी अडकणारच. सेशनपुरतं 5000 सेट कर, नाहीतर सरळ स्लॉटचं कायमचं टेबल करून टाक, मी तेच करते. मागचं रीडिंग आणायला लॅगमध्ये (मागच्या रोची किंमत देणारं फंक्शन) इग्नोर नल्स, म्हणजे नल सोडून दे, असं लागतं, ते मायएसक्यूएलला चालत नाही. जुगाड असा: स्लॉटच्या क्रमाने टेम्परेचरचा रनिंग काऊंट काढ, नल आलं की आकडा वाढत नाही, त्यामुळे रिकामे स्लॉट आपोआप मागच्या रीडिंगच्या गटात बसतात. मग त्या गटातला मॅक्स घेतलास की झालं, गटात खरं रीडिंग एकच असतं.

जुना_डीबीए:
गटात रो नंबर लावा आणि 2 पर्यंतच भरा, म्हणजे एकच हुकलेला स्लॉट भरला जाईल. नाहीतर तीन तास लाईट नसली तरी रिपोर्ट गारच. आणि लॉगर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) पाठवतो का बघा. तसं असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंतची रीडिंग आदल्या दिवसात जातात, तासही आपल्या साडेच्या ठोक्याला तुटतात. वेळ बदलायला कन्व्हर्ट_टीझेड वापरा पण त्यात झोनची नावं न देता +00:00 आणि +05:30 असे आकडेच द्या, कारण सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं लोड नसतील तर नाव दिल्यावर एरर येत नाही, गुपचूप नल येतं आणि मग तुम्ही परत सेन्सरलाच शिव्या घालत बसाल.