बॅलन्स रॉडचे बुश आणि अंगणातलं गॅरेज: तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठ:
काल शेजाऱ्यांची आल्टो गडग्याजवळ वळली आणि पुढून टक्-टक्. आमच्या मारुती आठशेचा अगदी हाच आवाज! २००९ चा मे, देवगड. बाबा नि मी पुढचा बॅलन्स रॉड (पुढच्या दोन्ही चाकांकडे जाणारी आडवी लोखंडी दांडी) नि त्याचे बुश (दांडीला धरणारी रबरी कडी) बदलायला अंगणात बसलो. खाऱ्या हवेनं बोल्ट असे धरलेले की पाना घसरायचा, बोल्ट हलायचा नाही. रात्रभर डिझेल पाजलं. सकाळी तीन निघाले, चौथ्याचं डोकं बाबांच्या हातात आलं. ते शांतपणे म्हणाले, "आईला सांग, जेवायला उशीर." जुन्या बुशचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालेलं, कडेला रबराचा चुरा. घरी कोणी केलंय हे?

चाकरमानी:
आठशेत हा रॉड फक्त वळणावर गाडी कलू नये म्हणून नाही हो, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला पुढे-मागे पण तोच धरतो. आमचे बुश गेले तेव्हा ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. वर्षभर टायरला शिव्या घातल्या.

जांभा:
आम्ही एकच चाक उचललेलं. रॉड पिळला, ब्रॅकेटची भोकं काही केल्या जुळेनात. दोन तास! काका आले, दुसरंही चाक उचललं, बोल्ट हातानं आत गेला. काकांनी एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

चाकरमानी:
@जांभा खाली टेकू काय होता?

जांभा:
चिरे 🙈

चाकरमानी:
अरे जांभा दगड फुटतो! घोड्या (लोखंडी स्टँड) लाव बाबा. नुसत्या जॅकवर तर डोकं आत घालूच नकोस.

माडाखाली:
मी बुशला ग्रीस चोपडलं. रबर फुगून मऊ. आता साबणाचं पाणी लावतो.

तारकर्ली_वारा:
खोबऱ्याचा त्याल चलात काय?

माडाखाली:
नको, रबराला तेल नकोच.

तारकर्ली_वारा:
मगे केसांक घालतंय. पण केस ऱ्हवले खय 😄

ओसरी:
गाडीतलं मला कळत नाही, पण सासरे ओसरीवरनं टक्-टक् ऐकून सांगतात कोण आलं. बुश बदलल्यापासून भाऊजी पत्ता न लागता जेवायला हजर. थांबा, भात उतू चाललाय.

चाकरमानी:
😂 एक राहिलं. रॉडच्या टोकाचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लोंबत्या चाकांवर आवळले तर बुश पिळलेलाच बसतो नि लवकर जातो.

जांभा:
कणकवलीला कोणी येतंय का रविवारी? बारा-चौदाचा पाना हवाय. माझा विहिरीत.

ओसरी:
विहिरीत?? बरं, ते चौथ्या बोल्टचं काय झालं?

खाडीकाठ:
होड्यांचं काम करणारा वेल्डर आला. आधी बॅटरीची तार काढायला लावली, मग उरलेल्या खुंटावर नट वेल्ड केला नि लालबुंद असतानाच पाना लावला. निघाला! जेवायला संध्याकाळचे पाच. आईनं बांगड्याचं तिखलं परत गरम केलं नाही.