पहिली फुल मॅरेथॉन, घरचा ट्रस्ट आणि किलोमीटरमागे बोली लावणारे नातेवाईक

लालबागकरीण
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला यंदा फुल धावतेय. हाफच्या टायमिंगवर नाव लागलं, सरावही चालू आहे. प्रश्न पैशांचा आहे.

आजेसासूबाईंच्या नावाने आमचा घरगुती ट्रस्ट आहे, नोंदणी केलेला. परळला टाटा हॉस्पिटलात बाहेरगावाहून पेशंट येतात, त्यांच्यासोबतच्या माणसांना दुपारचा डबा आणि अगदीच नड असेल तर गावी जायचं रेल्वेचं तिकीट. बस्स, एवढंच काम. आजवर घरच्यांच्या खिशातून भागलं, आता भागत नाही. म्हणून म्हटलं, धावते आणि हक्काने मागते.

तर झालं असं, आप्पांनी (सासरे) जेवताना जाहीर केलं, "पूर्ण केलीस तर पन्नास हजार." मोठे भाऊजी म्हणाले, किलोमीटरमागे पाचशे. तेव्हापासून घरच्या वॉट्सॅप ग्रुपवर लिलाव सुरू आहे! आता बत्तिसाव्या किलोमीटरला माझा पाय धरला, तर डबे कापायचे का? शिवाय न्यूजर्सीच्या चुलतदिराला डॉलर पाठवायचेत. सगळं माझ्याच जीपेवर घेऊन पुढे भरलं तर चालेल ना?

घाटवाटा
ताई, किलोमीटरचा हिशेब आजच बंद करा. मी धावलो तेव्हा पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिशी ओलांडल्यावर आला. पहाटे अंधारात सीएसएमटीहून निघताना हवा बरी असते. सी लिंकवर तर आपण उडतोय असं वाटतं, आणि तिथेच सगळे जोरात पळून फसतात. वरळी मागे पडेपर्यंत ऊन डोक्यावर आणि अंगाला घामाची चिकचिक. अशा वेळी गुडघा "थांब" म्हणत असताना डोक्यात "अजून पाचशे" चाललं, तर तुम्ही थांबणार नाही. लंगडत पुरी कराल आणि पुढे सहा महिने जिना चढताना रडाल.

नुसत्या पाण्यावर राहू नका, मीठ-साखर पोटात जाऊ द्या. रस्त्यात लोक संत्री, चिक्की, बिस्किटं पुढे करतात. सरावात जे पचलंय तेवढंच घ्या. लाजेखातर चिक्की खाऊन मी हाजी अलीला जे भोगलं ते इथे लिहीत नाही.

हिशेबनीस
जीपे अजिबात नको. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात, पावती ट्रस्टची. तुमच्या खात्यातून फिरवलेत की ती तुमची देणगी होते, आणि उद्या एखाद्या काकांनी "माझ्या पैशांचं काय झालं" विचारलं तर दाखवायला कागद नाही.

ट्रस्टला 80जी (देणगीवर देणाऱ्याला मिळणारी करसवलत) असेल तर देणाऱ्याचा पॅन घ्या. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. नव्या करप्रणालीत 80जी मिळतच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" असं सांगून मागू नका. डब्यासाठी मागा.

दिराचा पासपोर्ट कुठला? अमेरिकन असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टला त्यांचे पैसे घेता येत नाहीत, रुपयांत दिले तरी नाहीत. अजून भारतीय नागरिक असतील तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतात.

चहाटळ
धावायचं कशाला? तेच पैसे तसेच द्या की.

लालबागकरीण
@चहाटळ, दिले असते तर विचारलंच नसतं. दिवाळीत याच मंडळींकडे मागितले तेव्हा सगळे फराळाकडे वळले. आता सून बेचाळीस किलोमीटर पळणार म्हटल्यावर भाऊजी स्वतः बोली लावतायत. माणसं कशाला भुलतात, मी काय करू?

@हिशेबनीस, दीर गेल्या वर्षी अमेरिकन झाला. त्याला कळवलं, तुझे डॉलर राहू दे. रुसलाय.

ग्रुपवर ट्रस्टचा खातेक्रमांक टाकला आणि लिहिलं: आकडा ठरवायचा तो आत्ताच, आणि भरायचा मॅरेथॉनच्या आधी. मी कुठवर पोचते त्याच्याशी संबंध नाही. भाऊजींनी बेचाळीस गुणिले पाचशे केले आणि वरच्या एकशे पंच्याण्णव मीटरचे सोडून 21,000 भरले. आप्पा अजून "आधी पळ तर" म्हणतायत. त्यांच्याशी सासूबाई बोलतील.

@घाटवाटा, चिक्की बंद. रविवारी पहाटे लांबचा सराव आहे, लालबागहून शिवाजी पार्क, वरळी सी फेस करत मरीन ड्राइव्ह आणि परत. माझ्या सावकाश वेगाने कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.