विषय: सीबीसीवरून (रक्तातल्या पेशींच्या मोजणीवरून) जठराच्या कॅन्सरचं पुढचं कळतं का?

प्रेषक: अंजली (निशी-कासाई, टोकियो)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा विषय घुसवतेय, राग मानू नका. बऱ्याच जणांना माहीत आहे की ह्यांचं ऑपरेशन झालं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बेरियम पिऊन, ढेकर दाबून, त्या फिरत्या टेबलावर लोळताना काहीतरी दिसलं, मग एंडोस्कोपी, आणि शेवटी जठराचा खालचा मोठा भाग काढावा लागला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट अजून यायचाय.

मी पुण्याला दीरांना ऑपरेशननंतर चौथ्या दिवशीच्या रक्ताच्या कागदाचा फोटो पाठवला होता. ते इंजिनिअर माणूस. फोनच्या कॅमेऱ्यानं जपानी वाचून घेतलं आणि आकडे कुठल्याशा वेबसाइटवर टाकले. कोच्युक्यू म्हणजे न्यूट्रोफिल ८१ टक्के, रिम्पाक्यू म्हणजे लिम्फोसाइट १० टक्के, दोन्ही पांढऱ्या पेशीच. भागाकार ८.१. पडदा लाल! दुसऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये प्लेटलेट पण घालायच्या असतात, तिथे १९८ आले, पडदा हिरवा. सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ६.४, तर म्हणे दहाच्या आत आहे, छान. एका भावाच्या एकाच थेंबात लाल आणि हिरवा दोन्ही कसे, हे मात्र त्यांना सांगता येईना.

ह्यांना मी काही बोललेले नाही. यादीवर कोणी डॉक्टर आहे ना? हा ८.१ खरा धरायचा का?

अंजली

---

प्रेषक: मेधा (त्सुकुबा)

अंजली,

मी पॅथॉलॉजी शिकले, आता संशोधनात आहे, पेशंट बघत नाही. त्यामुळे हे यजमानांच्या डॉक्टरांच्या जागी धरू नकोस.

आधी तुझ्या दिरांचं गणित. भागाकार बरोबर आहे, बाकी दोन्हीकडे एककांनी घात केलाय. जपानी रिपोर्टवर प्लेटलेट 'मान'मध्ये लिहितात, म्हणजे दहा हजारांत. कागदावर २४.५ असेल, तर त्या प्लेटलेट २,४५,००० झाल्या. त्या वेबसाइटला तिथे २४५ हवे होते. ते घालून ८.१ नं गुणलं की १९८ च्या जागी १,९८५ येतात आणि हिरवा पडदाही लाल होतो. सीआरपीचं तसंच. भारतात तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, इथे डेसिलिटरमागे. इथला ६.४ म्हणजे पुण्याचा ६४. दहाच्या आत कसला!

आता घाबरू नकोस, कारण हे सगळंच त्या दिवशी बघायचं नव्हतं. पोट उघडून जठर कापल्यावर शरीरात दाह उसळणारच. सीआरपी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि मग उतरतो. त्या दिवसांत सर्जन तो बघतात ते वेगळ्याच कारणासाठी: उतरायचा सोडून चढत राहिला तर आतला टाका गळतोय का, हे शोधायला. कॅन्सरचं पुढचं वाचायला नव्हे. स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, साधा न्यूमोनिया, केमोत पांढऱ्या पेशी वाढवायला देतात ते इंजेक्शन, यातलं काहीही तो भागाकार वर नेऊ शकतं.

हे आकडे निव्वळ थोतांड आहेत असं मात्र नाही. गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात हे फिरखो या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं १८६३ मध्येच लिहून ठेवलंय. गाठ आणि तिच्याभोवतीचा दाह इंटरल्युकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात. यकृत ते ऐकून सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन बनवणं कमी करतं. न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. गल्लीत भांडण पेटलं की आरडाओरडा करणारे रस्त्यावर येतात आणि ज्यांच्यात ते मिटवायची धमक असते ते दार लावून बसतात, तसं. शिवाय हे न्यूट्रोफिल गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही हातभार लावतात. म्हणून उपचाराआधी ज्यांचा भागाकार जास्त, ते पेशंट सरासरीनं कमी जगतात, असं जठराच्या कॅन्सरच्या कितीतरी अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

खोच 'सरासरीनं' या शब्दात आहे. 'जास्त' म्हणजे किती, तर कुणी दोन म्हणतं, कुणी तीन, कुणी पाच. पुष्कळदा आपल्याच पेशंटांच्या आकड्यांत जिथे फरक सर्वांत ठळक दिसला तिथे रेघ मारलेली असते. धावून झाल्यावर शर्यतीची रेघ आखण्यासारखं आहे ते. अशा उंबरठ्यावर एका माणसाचं भविष्य टांगायचं नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गाठीवर हर-टू नावाचं प्रथिन दिसलं तर ट्रास्टुझुमॅब हे औषध देता येतं. क्लॉडिन १८.२ हे दुसरं प्रथिन दिसलं तर त्यावरचं औषध आहे, २०२४ मध्ये जगात पहिल्यांदा जपाननंच मंजूर केलेलं. (ही पुढच्या टप्प्याच्या आजाराची औषधं, यजमानांशी आज संबंध नाही.) या तपासण्या औषध ठरवतात. तुझ्या दिरांच्या आकड्यावरून यजमानांचं एकही औषध बदलणार नाही. उपचार ठरवणार ती स्टेज: गाठ भिंतीत किती खोल गेली आणि काढलेल्या लसिका ग्रंथींपैकी किती बाधित निघाल्या.

ऑपरेशनआधीचा कागद असेल तर पाठव. एक जपानी आकडा काढून बघते.

मेधा

---

प्रेषक: वसंतकाका (योकोहामा)

अंजलीबाई, दाह म्हणजे सूज, आणि सुजेवर आपल्याकडे हळद आहेच. सौ.च्या बहिणीला हळदीच्या कॅप्सूलनं फार गुण आला. गावाहून मागवून देतो, रोज सकाळी अनशापोटी.

---

प्रेषक: सुहास (कावासाकी)

काका, हळद फोडणीत राहू द्या. कॅप्सूल घ्यायचीच झाली तर आधी 'ओकुसुरी तेच्यो' घेऊन फार्मासिस्टला विचारायचं. माझ्या त्या औषधांच्या वहीतलं एक आयुर्वेदिक चूर्ण फार्मासिस्टबाईंनी वाचलं, फोन लावला, आणि ते बंद झालं. केमो चालू असताना यकृताला वरकड कामं नकोत.

वहिनी, माझं अख्खं जठर काढलंय, म्हणून हक्कानं सांगतो. कागदापेक्षा वजनकाट्याकडे लक्ष द्या. पहिले तीन महिने मी दिवसातून सहा-सात वेळा वाटीभर खायचो. एकदा हट्टानं श्रीखंड खाल्लं आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधार. गोड एकदम आतड्यात उतरतं म्हणे. हॉस्पिटलात 'ओकायु' आला तेव्हा कळलं की ही तर आपली पेज. त्यावर मेतकूट आणि तूप भुरभुरून दिवस काढले. मला बी-१२ चं इंजेक्शन जन्माचं आहे, यांचं डॉक्टरांना विचारा.

सुहास

---

प्रेषक: मेधा

अंजली, कागद मिळाला. ऑपरेशनआधी पांढऱ्या पेशी ६,१००, न्यूट्रोफिल ६१ टक्के, लिम्फोसाइट २९ टक्के. भागाकार २.१. त्या ८.१ शी याचं काही नातं नाही.

जपानी आकडा म्हणाले तो ओनोदेरा यांचा, १९८४ चा. अल्ब्युमिनला १० नं गुणायचं, त्यात लिम्फोसाइटची संख्या गुणिले ०.००५ मिळवायची. अल्ब्युमिन ३.९, म्हणजे ३९. लिम्फोसाइट १,७६९, म्हणजे ८.८. बेरीज ४७.८. ओनोदेरांना पचनसंस्थेच्या ऑपरेशनचा धोका जोखायचा होता: ४५ च्या वर असेल तर करा, ४० च्या खाली असेल तर आतडं कापून जोडायच्या फंदात पडू नका. मला हे सूत्र आवडतं, कारण ते पेशंट ऑपरेशन सोसेल का हे विचारतं. पण अल्ब्युमिन खाण्यानं पडतं तसं दाहानंही पडतं. नुसती अंडी खायला घालून ते चढेलच असं नाही, हेही दिरांना कळव, नाहीतर उद्या प्रोटीन पावडरचं पोतं येईल.

मेधा

---

प्रेषक: अंजली

मंडळी,

काल रिपोर्ट आला. दुसरी स्टेज. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर जठराचं चित्र काढलं, ग्रंथींचे ठिपके दिले आणि दोन ठिपके काळे केले. टीएस-वनच्या (केमोच्या) गोळ्या वर्षभर: चार आठवडे घ्यायच्या, दोन आठवडे सुट्टी. सर्जरीनंतर या गोळ्या दिल्या तर पाच वर्षांनी शंभरातले ७२ च्या आसपास लोक हयात होते, नुसत्या सर्जरीनं ६१, असा जपानमधलाच मोठा अभ्यास आहे म्हणाले. धीर करून तो भागाकार विचारला. हसले नाहीत. "तुमच्या घरी गणित चांगलं आहे," म्हणाले, आणि ह्यांना वजनकाट्यावर उभं केलं. पाच किलो उतरलंय. जेवण तुटलं आणि वजन असंच घसरत राहिलं तर गोळ्या पूर्ण करणं जड जातं, त्यांना ती काळजी जास्त.

ह्यांना सगळं सांगितलं. ८.१ सुद्धा. "दादाला शाळेतपण एककांचे मार्क जायचे," म्हणाले.

सुहासभावजी, मेतकूट इथल्या दुकानात दोनदा विचारलं, नाहीये. या महिन्यात पुण्याहून येणारं कोणी आहे का? दीर पाकीट विमानतळावर आणून देतील.

अंजली