विषय: ८७ वरचा साप आणि कच्चा लिंबू

नमस्कार मंडळी,

थंडीमुळे चार दिवस शाळा बंद. बाहेर उणे पंचवीस, घरात थोरली आठ वर्षांची आणि धाकटा पाच. काल सापशिडीचा इथला अवतार, शूट्स अँड लॅडर्स, काढला. त्यात सापांऐवजी घसरगुंड्या आहेत, पण जात तीच. ८७ वरची थेट २४ वर आणून सोडते. धाकटा ८६ वर होता, काटा फिरवला, एक पडला. पुढचं सांगत नाही. एक सोंगटी अजून फ्रिजखाली आहे.

थोरली म्हणाली, त्याला कच्चा लिंबू करू या. केला. अर्ध्या तासात स्वारीला पत्ता लागला की आपण हरत नाही, कारण आपल्याला कुणी धरतच नाही. मग दुप्पट रडारड. मुद्दाम हरायचं का आता? तुम्ही काय करता?

— धाकट्याची आई, सेंट पॉल

*

ताई,

मी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलोय, वेळच वेळ आहे, म्हणून लिहितो.

मुद्दाम हरू नका. पोरांना कळतं. नातवाने मला तोंडावर सांगितलं, "आबा, तू एक्का लपवलास."

भिकार-सावकार खेळा. पत्ते पालथे वाटायचे, न बघता आळीपाळीने एकेक मध्ये टाकायचा. वरच्या पत्त्याच्या जोडीचा पडला, सत्तीवर सत्ती, की सगळा ढीग टाकणाऱ्याचा. अक्कल लागतच नाही, त्यामुळे माझी ७२ वर्षं तिथे फुकट. नातू मला खराखुरा भिकारी करतो, नाटक करावं लागत नाही.

ते जमलं की गुलामचोर. तीन गुलाम काढून ठेवायचे, एकमेकांचे पत्ते ओढत जोड्या लावायच्या, शेवटी उरलेला गुलाम ज्याच्या हाती तो चोर. आमच्याकडे गुलाम आला की तो पत्ता बोटभर वर यायचा, कुणीतरी ओढावा म्हणून. मी ओढत नाही हे दोन दिवसांत कळलं. आता पठ्ठ्या भलताच पत्ता वर काढतो आणि छताकडे बघतो.

— आबा

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या कोण करतंय? गेल्या वर्षी तीन घरांतून लाडूच आले होते.

(माफ करा, चुकून याच मेलला उत्तर दिलं.)

*

आबा, मोठेपणाचा मान राखून सांगतो, भिकार-सावकार संपत नाही. आमचा एक डाव वरण गार होईपर्यंत चालला. तेव्हापासून ओव्हनचा टायमर १५ मिनिटांचा लावतो. वाजला की पत्ते मोजायचे, मराठीत.

खरी गोम तिथेच आहे. माझी मुलगी २९ ला "नऊवीस" म्हणायची. हिशेबाने तिचं काही चुकत नव्हतं, पुढच्या तिसाचं नाव आधीच का घ्यायचं हे मलाही समजावता येईना. पण दोघांत ५२ पत्ते, २९ म्हणजे जिंकली! आता "एकोणतीस" असं ओरडते की खालचे शेजारी ऐकतात.

सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळही मिळतात. हूट आउल हूटमध्ये सूर्य उगवायच्या आत घुबडं घरट्यात पोचवायची. पोचवली. लेक म्हणाली, "मग हरलं कोण?" डबा कपाटात गेला.

बदाम सात खेळायचं असेल तर एक युक्ती. चौघांत प्रत्येकी १३ पत्ते येतात, एवढ्याशा हातात मावत नाहीत, सांडले की रडीचा डाव सुरू. केसांचा ब्रश दात वर करून ठेवा आणि पत्ते त्यात खोचा. ब्रश आधी धुवा, हे बायकोने लिहायला सांगितलंय.

— वुडबरीचा बाबा

*

सर्वांचे आभार. काल भिकार-सावकार झालं.

पिसायचं काम धाकट्याने हट्टाने घेतलं. इवल्या हातांत कॅट धरवेना, तेव्हा पत्ते सतरंजीवर पसरून दोन्ही तळव्यांनी भात कालवतात तसे कालवले. किलवरच्या राणीचा कोपरा दुमडला, त्यामुळे आता ती पालथीही ओळखू येते. थोरलीने हे कुणाला सांगितलेलं नाही. मी पाहिलंय.

तो दोनदा भिकारी झाला. ओठ थरथरला, पण पत्ते भिरकावले नाहीत. फक्त विचारलं, भिकाऱ्याला परत खेळायला पत्ते कोण देतं? आबा, तुमच्याकडे काय नियम आहे?

— धाकट्याची आई

*

सावकाराने द्यायचे. पाच पत्ते उसने. व्याज नाही.

— आबा