नंदनवनकडच्या शाळेत परिसंस्था प्रत्यक्ष कशी शिकवू? बसचे पैसे नाहीत, फक्त मैदान आहे

प्रश्न: नंदनवन_विज्ञान

नमस्कार. मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. नववीचा जलसुरक्षा विषयही माझ्याकडेच आहे. परिसंस्थेचा धडा आला की मुलं उत्पादक, भक्षक, विघटक धडाधड म्हणून दाखवतात. पण "चल, मैदानातला एक विघटक दाखव" म्हटलं की सगळा वर्ग गप्प होतो.

वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. गोरेवाडा किंवा पेंचच्या जंगलात बस करून न्यायला पैसे नाहीत. फाटकाबाहेर न्यायचं तर प्रत्येक पालकाची लेखी संमती लागते. शाळेत मैदान आहे, त्याच्या कडेला काही जुने कडुलिंब आहेत, कंपाउंडलगत बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि मागच्या कोपऱ्यात थोडी काळी माती उघडी आहे. नाग नदी चालत दहा मिनिटांवर. तिच्यावर काहीतरी करावं असं फार मनात आहे, पण त्या पाण्याची भीती वाटते.

ज्यांनी मुलांकडून खरंच करून घेतलं आहे, त्यांनी सांगा. पोस्टर आणि घोषवाक्य स्पर्धा आमच्याकडे भरपूर होतात.

उत्तर: फुटाळा_पक्षी

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रविवारी सकाळी अंबाझरी तलावावर या. पालक स्वतःच्या गाडीने मुलांना सोडतील. वारकरी, टिबुकली, शेकाट्या सहज दिसतात. दुर्बीण नसली तरी काठाजवळचे पक्षी ओळखता येतात. मुलांना पाण्याजवळ तासभर शांत बसवलंत तर कोण बुडी मारून खातं आणि कोण चिखलात चोच खुपसून खातं, हे ती स्वतःच सांगतात.

उत्तर: टिटवी

मॅडम, अंबाझरीला जरूर जा, पण सुरुवात मैदानातून करा. मी निवृत्त शिक्षिका आहे, हे सगळं मुलांकडून करून घेतलेलं आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: एकच गोष्ट दोन जागी मोजायची, आणि मोजण्याआधी प्रत्येक गटाने वहीत अंदाज लिहायचा. अंदाज चुकला की मूल आपणहून विचारतं, असं का झालं? तो प्रश्न आला की निम्मं शिकवणं झालं.

पहिला प्रयोग पाणी मुरण्याचा. दूध पावडरचे पत्र्याचे रिकामे डबे जमवा, दोन्ही टोकं कापून घ्या. कापायचं काम तुम्ही किंवा शिपाईकाकांनी करायचं, मुलांनी नाही. डबा जमिनीवर उभा ठेवा, वर लाकडाची फळी ठेवून ठोका, दोन बोटं आत गेला पाहिजे. अर्धा लिटर पाणी ओता आणि सगळं मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. एक डबा कडुलिंबाखाली पाचोळा बाजूला सारून, एक मुलं परिपाठाला उभी राहतात त्या तुडवलेल्या जागी, एक तुमच्या काळ्या मातीत. झाडाखाली पाणी भराभर आत जातं, कारण मुळं आणि किडे-गांडुळं यांनी मातीत वाटा केलेल्या असतात. परिपाठाच्या जागी ते तसंच उभं राहतं. तास संपतो तरी उभंच.

काळी माती दोनदा करा. जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी तिला भेगा असतात, पाणी क्षणात गायब होतं. तीच जागा ऑगस्टमध्ये घ्या. ओली झाली की ही चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचतं. एकाच मातीची दोन उलटी उत्तरं बघून माझ्या वर्गात मुलं आपसात भांडली होती, दुसऱ्या गटाने वेळ चुकीची लिहिली म्हणून. मग पुन्हा मोजलं. ते भांडण मला फार आवडलं होतं.

त्यानंतर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा विषय काढा. अंबाझरी ओसंडला आणि शहरात पाणी शिरलं, ते नदीकाठच्या तुमच्या मुलांना कुणी सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला होता. आता हिशेब: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मुलांना टेप देऊन शाळेच्या इमारतीची लांबी-रुंदी मोजायला लावा. छत ४०० चौरस मीटरचं निघालं, तर १०० मिलिमीटर पावसात त्यावर ४०,००० लिटर पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. एका शाळेच्या छतावरून! इथे मुलं उठतात आणि छताचा पाइप कुठे जातो ते शोधत फिरतात. फिरू द्या. सिमेंटच्या रस्त्यावर अर्धा लिटर ओतून मुरतंय का बघायचं, हेही तीच सुचवतील. तुमचा जलसुरक्षेचा प्रकल्प यातून उभा राहील.

विघटक दाखवायचा असेल तर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा, तोंडाशी मच्छरदाणीचा तुकडा सैलसर ठेवा. झाडाखालचा ओलसर पाचोळा आणि त्याखालची माती नरसाळ्यात भरा, खालच्या भागाच्या तळाशी ओला टिपकागद ठेवा. वरून ऊब आणि उजेड मिळाला की आतले किडे खाली सरकतात आणि टिपकागदावर पडतात. पुस्तकात दिवा लावा म्हणतात, पण आताचे एलईडी दिवे तापत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात व्हरांड्याच्या कडेला ठेवा, दिवसभरात काम होतं. तळाचा भाग मात्र काळ्या कागदाने झाका. मग शाळेत एक चालू सूक्ष्मदर्शक असला तरी पुरतो. भिंगही चालतं. टुणकन उडणारे पांढरे कण दिसतील, तांबूस माइट्स दिसतील, कधी या किड्यांना खाणारी गोम. मोजून झालं की परत पाचोळ्यात सोडायचे. दुसरी बाटली बेशरमाखालच्या मातीची भरा आणि दोन्हींतले आकडे फळ्यावर शेजारी लिहा.

५२ मुलांचं म्हणाल तर सहा-सहाचे गट करा, शेवटच्या गटांत एखादं जास्त. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर घ्या. एकाच झाडाखाली सात-आठ वेगळी उत्तरं आली की सरासरी का काढतात हे गणिताच्या मॅडमपेक्षा लवकर कळतं. आणि खेळाचा तास जोडून मागून घ्या, ३५ मिनिटांत मैदानात जाऊन हात धुऊन परत येणं होत नाही.

पावसाळ्यात दोरीची एक मीटर बाय एक मीटर चौकट करून आतली झाडं मोजणं तर आहेच. तरोटा, केना, आघाडा, हरळी, गाजरगवत, मुलं तुम्हाला नावं सांगतील. खेड्याशी नातं असलेली तर तरोट्याची भाजी कशी करतात तेही सांगतात.

नंदनवन_विज्ञान

टिटवी मॅडम, मनापासून आभार. डबे गोळा करायला आजच सांगते. नदीचं काय करू? मुलं रोज तिच्या पुलावरून शाळेत येतात. लावा गावाजवळ उगम, पुढे कन्हान नदी, वैनगंगा आणि गोसेखुर्द धरण, हे नकाशावर दाखवलं आहे. पण पाणी घाण आहे म्हणजे त्यात नेमकं काय होतंय, हे दिसायला हवं.

उत्तर: नागकाठ

मी कॉलेजच्या लॅबमधी असिस्टंट होतो. मिथिलिन ब्लू नावाचा निळा रंग घ्या. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात भेटते, माशाले बुरशी लागली तं टाकतात. सारख्या मापाच्या काचेच्या बाटल्या पाण्यानं काठोकाठ भरा, प्रत्येकीत मोजून सारखेच थेंब टाका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाण्यातला ऑक्सिजन संपला का निळा रंग उडते. गटाराच्या पाण्यात तो लवकर उडते, कारण जीवाणू घाण खाता खाता ऑक्सिजन वापरून टाकतात. कपड्याले लागलं तं डाग निघत नाही जी, जुना शर्ट घालून या.

नदीचं पाणी तुम्हीच काढा, पुलावरून दोरीनं बादली सोडून, हातमोजे घालून. पोरांले काठावर उतरू देऊ नका.

उत्तर: टिटवी

नागकाठ म्हणतात ते अगदी बरोबर, मुलांनी त्या पाण्याला हात लावायचा नाही. बंद बाटली बाहेरून बघायची आणि रोज वहीत रंगाची नोंद करायची, एवढंच त्यांचं काम.

दोन गोष्टी जोडते. तुलनेला नळाचं पाणी घ्याल तर ते आदल्या रात्री पसरट भांड्यात उघडं ठेवा. त्यातलं क्लोरीनही निळा रंग फिका करू शकतं, मग मुलं म्हणतील नळाचं पाणी गटारासारखंच आहे. जवळ विहीर असेल तर तिचं पाणी तिसऱ्या बाटलीत घ्या, ते मला सगळ्यांत आवडतं, कारण त्याचा अंदाज कुणालाच नीट लागत नाही. दुसरं, रंग उडालेल्या बाटलीतलं थोडं पाणी तुम्ही स्वतः ओतून टाका, झाकण पुन्हा घट्ट लावा आणि जोरात हलवा. हवा मिसळली की निळा रंग परत येतो. हे वर्गासमोर करा, आणि आधी विचारा काय होईल.

शेवटी सगळ्या बाटल्यांत ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवा, मग संडासात ओता. काचा धुवायचं काम मुलांना देऊ नका.